सेल्फ-डायरेक्टेड आयआरएतून अमेरिकेत घर घेताना: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

नोकऱ्या बदलत गेलं की जुन्या कंपन्यांची ४०१(के) खाती, म्हणजे नोकरीतून उघडलेली निवृत्तीबचतीची खाती, मागे पडून राहतात. पुढे कधीतरी त्यात दोन-तीन लाख डॉलर दिसतात आणि मनात येतं, हे शेअर बाजारात ठेवण्यापेक्षा एखादं भाड्याचं घर घेतलं तर? ते पैसे आयआरएत, म्हणजे स्वतः उघडलेल्या निवृत्तीबचतीच्या खात्यात, हलवून घेता येतं, आणि ते कायद्याला धरून आहे. खरेदी तशी निभावते. माणसं अडकतात ती पुढच्या वर्षांत, घर आपलं समजून वागायला लागल्यावर. खालचे बहुतेक प्रश्न त्या एकाच गैरसमजातून येतात.

सेल्फ-डायरेक्टेड आयआरए हा खात्याचा वेगळा प्रकार आहे का?

नाही. कायद्याच्या लेखी ते साधं ट्रॅडिशनल (पैसे काढताना कर) किंवा रॉथ (कर आधी, पुढे नाही) आयआरएच. आयआरए १९७४ च्या एरिसा या निवृत्ती योजनांच्या कायद्याने आलं. त्यात काय घ्या हे कायदा सांगत नाही, फक्त काय घेऊ नका ते सांगतो: आयुर्विमा नको आणि चित्रं, जुन्या वस्तू, तिकिटं, बहुतेक नाणी अशा संग्रहाच्या गोष्टी नकोत. स्थावर मालमत्ता या यादीत कधीच नव्हती. मोठ्या ब्रोकरेज कंपन्या खात्यात घर ठेवू देत नाहीत, कारण त्यांना ते काम नको असतं. म्हणून हेच काम करणाऱ्या कस्टोडियनकडे, म्हणजे खातं सांभाळणाऱ्या ट्रस्ट कंपनीकडे, खातं उघडावं लागतं. फी वर्षाला काही शे डॉलर. ती ठरीव आहे की मालमत्तेच्या किमतीवर चढत जाते, हे आधीच विचारा. प्रत्येक व्यवहाराची, वायरची आणि बिल भरण्याची फी वेगळी असते आणि खरा खर्च पुष्कळदा तिथेच होतो.

घर नक्की कोणाच्या नावावर होतं?

डीडवर, म्हणजे मालकीच्या दस्तावर, साधारण असं लिहिलं जातं: ‘अमुक ट्रस्ट कंपनी, कस्टोडियन, फॉर द बेनिफिट ऑफ’ आणि पुढे तुमचं नाव व ‘आयआरए’. नेमके शब्द कस्टोडियन देतो आणि ते जसेच्या तसे वापरायचे असतात. ऑफर, करार, डीड, विमा, भाडेकरार, सगळीकडे हेच नाव. एका कागदावर नुसतं तुमचं नाव पडलं तरी क्लोजिंग, म्हणजे खरेदीचा शेवटचा टप्पा, अडकतं.

कोणाशी व्यवहार करता येत नाही?

आयकर कायद्याच्या कलम ४९७५ मध्ये यादी आहे. तुम्ही स्वतः आणि नवरा किंवा बायको. वरच्या बाजूला आई-वडील, आजी-आजोबा. खालच्या बाजूला मुलं, नातवंडं आणि त्यांचे जोडीदार, म्हणजे जावई आणि सून यादीत आहेत. खात्याबद्दल सल्ला देणारे आणि ते सांभाळणारेही त्यात येतात. शिवाय या मंडळींची ५० टक्के किंवा त्याहून जास्त मालकी असलेली कंपनीही.

भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, भाचे-पुतणे यादीत नाहीत. त्यामुळे भावाला बाजारभावाने घर भाड्याने देणं चालतं. पण भारतातून आई-बाबा सहा महिन्यांसाठी आले आणि त्याच घरात भावाकडे उतरले, की खात्याच्या मालमत्तेचा वापर यादीतली माणसं करू लागली. सासू-सासऱ्यांचं नातं कलमात सरळ लिहिलेलं नाही, पण जोडीदार स्वतः यादीत असल्यामुळे फायदा त्याच्याकडे वळला असं म्हणायला जागा राहते. त्यांना भाडेकरू ठेवण्याआधी या विषयातल्या वकिलाला गाठा.

वापर म्हणजे एक रात्रसुद्धा. समुद्रकाठचं घर आयआरएचं असेल आणि दोन भाडेकरूंच्या मधे आठवडाभर रिकामं पडलं असेल, तरी तिथे वीकेंडला जाऊन राहणं नाही. भाडं भरून राहणंही नाही. दीड दिवसाचा गणपतीसुद्धा तिथे नको.

घराला रंग मी स्वतः लावला तर? मजुरी वाचेल.

वाचेल, आणि खातं धोक्यात येईल. तुम्ही फुकट केलेलं काम खात्याला दिलेली सेवा धरली जाऊ शकते. घर निवडणं, पाहून येणं, कंत्राटदारांची अंदाजपत्रकं मागवणं, भाडेकरू कोण ठेवायचा ते ठरवणं, हे मालकाच्या निर्णयाचं काम आहे आणि ते चालतं. ब्रश, हातोडा, लॉनमोअर हातात घेतला की रेघ ओलांडली. मुलाला ‘शनिवारी जाऊन गवत काप’ म्हणून पाठवलं तरी तेच, कारण मुलगाही यादीत आहे. स्वतःच्या क्रेडिट कार्डावर रंगाचा डबा घेऊन नंतर खात्यातून पैसे काढून घेणंही टाळायचं.

चूक झालीच, तर दंड किती?

दंड म्हणण्यापेक्षा खातंच जातं. निषिद्ध व्यवहार ज्या वर्षी झाला, त्या वर्षाच्या १ जानेवारीपासून ते आयआरए राहत नाही आणि त्या दिवशीच्या बाजारभावाने सगळी रक्कम तुम्हाला मिळाली असं मानलं जातं. समजा खात्यात ३ लाखांचं घर आणि १ लाख रोख आहे आणि वय ४८ आहे. ट्रॅडिशनल खातं असेल तर ४ लाख डॉलर त्या वर्षाच्या उत्पन्नात धरले जातात आणि साडेएकोणसाठच्या आधी काढल्याबद्दल १० टक्के, म्हणजे ४०,००० डॉलर, वेगळे. चूक फक्त घराबाबत झाली होती, रोख रकमेला हात लावला नव्हता, हा बचाव चालत नाही. म्हणूनच जाणकार घरासाठी वेगळं आयआरए उघडतात आणि बाकीची पुंजी दुसऱ्या खात्यात ठेवतात.

खरेदीच्या पायऱ्या कोणत्या?

आधी खातं उघडा, मग पैसे हलवा. घर पाहायला त्यानंतर निघा. जुन्या कंपनीच्या ४०१(के)मधून पैसे आणताना चेक कस्टोडियनच्या नावाने निघाला पाहिजे. तो तुमच्या नावाने निघाला तर २० टक्के कर तिथेच कापला जातो आणि बाकीची रक्कम ६० दिवसांत भरायची घाई मागे लागते. कापलेले २० टक्के खिशातून घातले नाहीत, तर तेवढी रक्कम काढली असं धरलं जातं. चालू नोकरीतल्या ४०१(के)मधून साडेएकोणसाठच्या आधी पैसे सहसा हलवता येत नाहीत. पैसे यायला एक ते तीन आठवडे धरा.

घर पसंत पडलं की ऑफर आयआरएच्या नावाने लिहायची. इथे पहिली ठेच लागते ती अर्नेस्ट मनीची, म्हणजे बयाण्याची. एजंट म्हणतो, आज संध्याकाळपर्यंत ५,००० डॉलरचा चेक द्या, आणि माणूस स्वतःचं चेकबुक काढतो. ती रक्कमही खात्यातूनच जायला हवी. त्यासाठी कस्टोडियनच्या खरेदी-आदेशाच्या फॉर्मसोबत करार पाठवायचा आणि पैसे थेट एस्क्रोत, म्हणजे क्लोजिंगपर्यंत ते सांभाळणाऱ्या तिऱ्हाइताकडे, जातात. याला दोन-तीन दिवस लागतात, म्हणून अर्नेस्ट मनीची मुदत करारात पाच कामाचे दिवस लिहून घ्या आणि विक्रेत्याच्या एजंटला कारण आधीच सांगा.

पुढे टायटल कंपनी, म्हणजे मालकीहक्क तपासून क्लोजिंग करणारी कंपनी, कागद पाठवते. त्यावर ‘वाचलं आणि मान्य’ असं लिहून तुम्ही सही करता आणि मग खरेदीदार म्हणून कस्टोडियन सही करतो. तपासणीनंतर किंमत १,००० डॉलरने कमी झाली, तर त्या दुरुस्तीच्या कागदालाही हाच फेरा. त्यामुळे रोखीचा व्यवहार असला तरी क्लोजिंगला ३० ते ४५ दिवस ठेवा. १० दिवसांत क्लोजिंगचं वचन देणारा खरेदीदार आयआरए कधीच नसतो.

आयआरएला गृहकर्ज मिळतं का?

मिळतं, पण फक्त नॉन-रिकोर्स. हप्ते थकले तर बँकेने ते घर घ्यावं. तुमच्या पगाराला, राहत्या घराला किंवा खात्यातल्या इतर मालमत्तेला हात लावता येणार नाही. नेहमीच्या बँका असं कर्ज देत नाहीत. देणाऱ्या मोजक्या आहेत, त्या साधारण ३५ ते ४० टक्के किंवा त्याहून जास्त रक्कम आधी मागतात आणि व्याजदरही चढा असतो. क्रेडिट स्कोअरपेक्षा घराचं भाडं हप्ता झेपवतं का, हे त्या पाहतात.

वैयक्तिक हमीवर सही करू नका, ओळखीच्या माणसाकडून कर्ज असलं तरी. २०१३ च्या ‘पीक विरुद्ध कमिशनर’ या निकालात टॅक्स कोर्टाने हेच सांगितलं. तिथे दोघांनी आपापल्या आयआरएच्या पैशातून एक कंपनी विकत घेताना कर्जाला वैयक्तिक हमी दिली होती. कंपनी पुढे नफ्यात विकली गेली, पण हमीमुळे खाती केव्हाच गेली होती आणि नफ्यावर कर लागला.

कर्ज घेतलं तर आयआरएला कर लागतो, हे खरं का?

हो, आणि हा भाग विक्रीच्या जाहिरातीत बारीक अक्षरात असतो. कर्जाच्या पैशातून आलेल्या उत्पन्नाच्या हिश्शावर खात्यालाच कर आहे. हिशेब बघा.

घर ३ लाखांचं, त्यात कर्ज १ लाख २० हजार, म्हणजे ४० टक्के. भाडं महिना २,५००, वर्षाचं ३०,०००. मालमत्ता कर, विमा, दुरुस्ती आणि व्यवस्थापन मिळून ११,०००. ८ टक्क्यांनी व्याज ९,६००. जमिनीचे ६०,००० वगळून २ लाख ४० हजारांवर साडेसत्तावीस वर्षांचा सरळ रेषेतला घसारा ८,७२७. उरले ६७३ डॉलर. त्याचे ४० टक्के म्हणजे २६९. यावर १,००० डॉलरची वजावट असल्यामुळे कर शून्य.

मग फॉर्म भरायचा नाही? भरायचा. फॉर्म ९९०-टी, म्हणजे या कराचं रिटर्न, लागतो का, हे निव्वळ नफ्यावर ठरत नाही. खर्च वजा करण्याआधीचं उत्पन्न १,००० किंवा त्याहून जास्त आहे का, यावर ते ठरतं. इथे ३०,००० चे ४० टक्के १२,००० होतात. म्हणजे कर शून्य, पण फॉर्म आहे. तो आयआरएच्या नावाने भरायचा, त्यासाठी आयआरएला स्वतःचा ईआयएन हा कर-ओळख क्रमांक घ्यायचा, मुदत १५ एप्रिल. कर निघाला तर तोही खात्यातूनच. कस्टोडियन हा फॉर्म आपणहून बहुधा भरत नाही आणि नेहमीच्या सीपीएला, म्हणजे कराचं काम बघणाऱ्या हिशेबनिसाला, त्याची सवय असेलच असं नाही. ‘वर्षाला किती ९९०-टी भरता?’ असं सरळ विचारा.

खरा फटका विक्रीच्या वेळी बसतो. नफ्याचा किती हिस्सा करपात्र, हे ठरवताना विक्रीआधीच्या १२ महिन्यांतलं सर्वांत जास्त कर्ज धरतात. दर ट्रस्टचे: २०२५ साठी साधं उत्पन्न १५,६५० डॉलरच्या पुढे गेलं की ३७ टक्के, दीर्घकालीन नफा १५,९०० च्या पुढे २० टक्के. कर्ज पूर्ण फेडून १२ महिन्यांहून जास्त थांबून मग विकलं, तर हा कर लागत नाही. शेवटचा हप्ता फेडल्याची तारीख जपून ठेवा.

स्वतःचा धंदा असलेल्यांनी सोलो ४०१(के), म्हणजे एकट्याच्या धंद्याचं ४०१(के), आधी पाहावं. त्यात घरासाठी काढलेल्या कर्जावरच्या या करातून सूट आहे, आयआरएला नाही.

मध्यरात्री वॉटर हीटर फुटला तर बिल कोण भरतं?

खातं. बेसमेंटमध्ये पाणी साचलंय, प्लंबर दारात उभा आहे आणि म्हणतोय, १,८०० डॉलर, कार्ड चालेल. तुमचं कार्ड चालणार नाही. नियमाप्रमाणे बिल आयआरएच्या नावाने निघायला हवं, तुम्ही पैसे देण्याचा आदेश द्यायचा आणि कस्टोडियन पैसे पाठवणार. तोवर प्लंबर थांबत नाही. म्हणून भाड्याच्या ८ ते १० टक्के घेणारा प्रॉपर्टी मॅनेजर इथे चैन नव्हे. भाडं त्याच्याकडे जमा होतं, तो हजार-दोन हजारांची शिल्लक ठेवून तातडीची बिलं भरतो आणि उरलेलं कस्टोडियनला पाठवतो. मॅनेजर यादीतला नातेवाईक नको, एवढं पाहा.

खात्यात पैसेच उरले नाहीत तर?

सर्वांत जास्त माणसं इथे अडकतात. छप्पर बदलायला १५,००० लागणार आणि खात्यात २,००० आहेत. खिशातून घालता येतात ते फक्त वर्षाच्या मर्यादेत, आणि तेही कमावलेलं उत्पन्न असेल तर. २०२५ साठी ही मर्यादा ७,००० डॉलर, पन्नाशीनंतर ८,०००; २०२६ साठी ७,५०० आणि ८,६००. मर्यादेपलीकडे भरलेल्या रकमेवर, ती काढेपर्यंत दरवर्षी ६ टक्के कर. दुसऱ्या आयआरएतून रक्कम हलवणं हा सोपा मार्ग, पण दुसरं आयआरए असलं पाहिजे. नाहीतर यादीबाहेरच्या कोणाकडून नॉन-रिकोर्स कर्ज, किंवा गळतं घर पडेल भावाने विकणं.

म्हणून सगळी रक्कम घरात ओतू नका. २ लाख ६० हजारांच्या खात्यातून २ लाख ५० हजारांचं जुनं घर घेणं हा जुगार आहे. घराच्या किमतीच्या निदान १० टक्के, घर जुनं असेल तर १५ टक्के, रोख असू द्या.

मग चेकबुक एलएलसी बरी नाही का?

आयआरए एका एलएलसीचं, म्हणजे मर्यादित जबाबदारीच्या कंपनीचं, शंभर टक्के मालक होतं, एलएलसीचं बँक खातं निघतं आणि बिनपगारी मॅनेजर म्हणून चेकवर तुम्ही सही करता. प्लंबरचा प्रश्न सुटतो. पण कस्टोडियनच्या फेऱ्यात आपोआप होणारी तपासणीही सुटते. चुकीचं डेबिट कार्ड मशीनमध्ये सरकवलं की अडवणारं कोणी नाही. या रचनेला आधार म्हणून १९९६ चा स्वॉन्सन निकाल दाखवतात. तो एलएलसीबद्दल नव्हता, कॉर्पोरेशनबद्दल होता. उलट २०२१ च्या मॅकनल्टी निकालात आयआरएच्या एलएलसीने घेतलेली सोन्याची नाणी घरच्या तिजोरीत ठेवली म्हणून ती काढून घेतल्यासारखी धरली गेली. एकाच घरासाठी हा खटाटोप आम्हाला परवडणारा वाटत नाही. तीन-चार घरं असतील तर विचार करा.

माझं आधीचं भाड्याचं घर आयआरएला विकता येईल?

नाही. तुमचं, आई-वडिलांचं, मुलांचं, कोणाचंच नाही. बाजारभावाने, स्वस्तात किंवा भेट म्हणूनही नाही.

आयआरए आणि मी मिळून नवीन घर घेतलं तर?

पहिल्या दिवशी, एकाच क्लोजिंगमध्ये, ठरलेल्या हिश्शाने घेतलं तर सहसा चालतं. आयआरएचे ६० टक्के असतील तर भाड्याचे ६० टक्के तिकडे आणि प्रत्येक बिलाचेही ६० टक्के तिकडून, सेंटपर्यंत. पुढे एकमेकांचा हिस्सा विकत घेता येत नाही. या घरावर तुमच्या नावाचं नेहमीचं कर्ज काढू नका.

पुण्यात फ्लॅट किंवा कोकणात बाग घेता येईल का?

अमेरिकेचा कायदा परदेशातल्या मालमत्तेला मनाई करत नाही. अडचण भारताच्या बाजूने आहे. फेमा या परकीय चलनाच्या कायद्याच्या नियमांनुसार निवासी किंवा व्यापारी मालमत्ता घेण्याची मुभा एनआरआय आणि ओसीआय कार्डधारक व्यक्तींना आहे. इथे खरेदीदार अमेरिकेतली ट्रस्ट कंपनी, म्हणजे परदेशी संस्था. हिंजवडीच्या बिल्डरला काहीही वाटो, तिच्या नावावर फ्लॅट होत नाही. शेतजमीन, फळबाग, फार्महाऊस तर एनआरआयला स्वतःच्या नावावरही विकत घेता येत नाही, शिवाय महाराष्ट्रात शेतजमिनीला शेतकरी असण्याची अट वेगळी. भारतात घर हवंच असेल तर खात्यातून रीतसर पैसे काढून, कर भरून, स्वतःच्या नावाने घ्या.

यात करसवलती मिळतात की जातात?

काही जातात. खात्यातलं घर रोखीने घेतलं असेल तर घसाऱ्याचा उपयोग नाही. तोटा तुमच्या रिटर्नमध्ये दाखवता येत नाही. ट्रॅडिशनल खात्यातून पैसे काढताना सगळं साधं उत्पन्न. घराच्या नफ्यावरचा कमी दर मिळत नाही. वारसांना मृत्यूच्या दिवशीची किंमत मूळ किंमत म्हणून धरायची सोयही नाही, उलट बहुतेक वारसांना १० वर्षांत खातं रिकामं करावं लागतं. बदल्यात भाडं आणि नफा आज करमुक्त वाढतो, रॉथमध्ये नियम पाळले तर कायमचा. खूप वाढ अपेक्षित असलेलं घर रॉथमध्ये शोभतं. घसाऱ्यावर फायदा काढायचा असेल तर घर स्वतःच्या नावावरच बरं.

व्यवहार चांगला आहे का, हे कस्टोडियन तपासतो ना?

नाही. तो कागद सांभाळतो. घर अस्तित्वात आहे का, किंमत फुगवली आहे का, हे पाहणं त्याच्या करारात नसतं. फसवणारे नेमकं ‘आमची योजना कस्टोडियनने मान्य केली आहे’ असं सांगतात. अमेरिकेच्या एसईसीने, म्हणजे शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या संस्थेने, याबद्दल गुंतवणूकदारांना जाहीर इशारा दिलेला आहे.

७३ वर्षांनंतर दरवर्षी रक्कम काढावीच लागते. घर तुकड्यांत कसं काढायचं?

१९६० किंवा नंतर जन्मलेल्यांना ही अट ७५ पासून, आणि रॉथ आयआरएला मालकाच्या हयातीत नाही. ७३ व्या वर्षी आधीच्या ३१ डिसेंबरची किंमत २६.५ ने भागतात. ४ लाखांच्या घरावर साधारण १५,०९४ डॉलर. भाड्याची शिल्लक पुरली तर ठीक. दुसऱ्या ट्रॅडिशनल आयआरएतून तेवढी रक्कम काढली तरी चालते, ४०१(के)मधून नाही. दोन्ही नसेल तर घराचा तेवढा हिस्सा दरवर्षी नव्या डीडने तुमच्या नावावर करावा लागतो, मूल्यांकनाच्या खर्चासह. रक्कम काढायची राहिली तर कमी पडलेल्या रकमेवर २५ टक्के कर. वेळेत सुधारलं तर १०.

निवृत्तीनंतर त्याच घरात राहायला जाता येईल?

येईल, ते खात्यातून बाहेर काढल्यावर. साडेएकोणसाठ पूर्ण झाल्यावर परवानाधारक मूल्यांककाकडून किंमत ठरवून घ्या, कर्ज असेल तर त्याचं काय करायचं ते बँकेशी आधी बोला, आणि कस्टोडियनला घर जसंच्या तसं तुमच्या नावावर करण्याचा आदेश द्या. तो फॉर्म १०९९-आर, म्हणजे खात्यातून काढलेल्या रकमेची कर खात्यासाठीची नोंद, काढतो. ट्रॅडिशनल खातं असेल तर घराची सगळी किंमत त्या वर्षाचं उत्पन्न, आणि त्या कराचे पैसे तुमच्याकडे वेगळे तयार असायला हवेत. पुढे घर विकताना हीच किंमत मूळ किंमत धरली जाते, म्हणून मूल्यांकनाचा अहवाल फेकू नका. काउंटीत नवं डीड नोंदलं गेलं की मग सामान हलवा. त्याआधी गॅरेजमध्ये चार खोकी ठेवणंही नको.